वाड्यातलं छोटं लग्न शूट करायचंय? मग आधी वाडा बघून या

सोलापुरात मोठ्या मंगल कार्यालयातली लग्नं आपण सगळेच करतो, पण आता ५०-६० माणसांत, गावाकडच्या जुन्या वाड्यात जिथं राहायची-जेवायची सोय असते तिथं लग्न करायचं म्हणणारे पण भेटायला लागलेत, आणि तिथं हॉलवाली पद्धत अजिबात चालत नाही बघा.

आधी एकदा जाऊन या, मुहूर्ताच्याच वेळेला. आपल्याकडचे वाडे माळवदाचे, वर तुळया अन् माती, त्यामुळं छतावर फ्लॅश मारून बाउन्स करायची (उजेड आपटून खाली आणायची) सवय असेल तर विसरा, काळं लाकूड सगळा उजेड गिळतं. बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंत निळसर चुन्याची असली तर चेहरे पण निळे पडतात, म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर सुधारता येतो) काढा. खरं सांगू का, दार उघडं असलं की फ्लॅश लागतच नाही, नवरीला दारापासून दोन-तीन हात आत बसवा, तोंड उजेडाकडं, ३५ किंवा ५० मिमीची लेन्स, एफ २ (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १६०० बिनधास्त. थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे की!

मे महिन्यात दुपारचा मुहूर्त असला तर अवघड आहे, ११-१२ मेच्या आसपास आपल्याकडं सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. चौकात उभं करू नका, ओसरीत घ्या. लाल-पिवळा मांडव असला तर त्याचा रंग पण तोंडावर येतो, घरच्यांना आधीच सांगा पांढरं कापड लावा म्हणून. रात्री एलईडीच्या माळांखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर फोटोत पट्टे येतात.

आता अक्षता. लोक शेवटच्या 'सावधान'ची वाट बघत बसतात अन् तेवढ्यात कुणाचा तरी मोबाईल मधी येतो. अहो, प्रत्येक मंगलाष्टकाला अक्षता पडतातच की, पहिल्या दोन-तीनला तांदूळ पकडा, १/५०० ला दाणे हवेत थांबतात, आणि शेवटी आंतरपाट खाली येताना फक्त दोघांचे चेहरे. सराव पाहिजे असेल तर संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा आहेच, तो होतो त्या संमती कट्ट्यापाशी एवढ्या गर्दीत जमलं तर वाड्यात डोळे झाकून जमेल.

बाकी वेळ पोज-बीज सांगू नका, कॅमेरा मांडीवर ठेवून ओसरीत बसा, गप्पा मारा, अर्ध्या तासात लोक तुम्हाला विसरतात. पंगतीत खाणाऱ्यांपेक्षा वाढणारे काढा, घास तोंडात असलेला फोटो कुणालाच नको असतो. आणि तुम्ही मागच्या पंगतीला बसा. मी एकदा कडक भाकरी-शेंगा चटणीच्या नादात पहिल्याच पंगतीला बसलो अन् हात धुऊन येईपर्यंत कानपिळी उरकली होती, नवरीचा भाऊ अजून टोमणे मारतो.

ग्रुप फोटो मात्र जेवणाच्या आधीच, माळवदावर चढून खाली चौकात सगळे (वर कुठं पाय द्यायचा ते मालकाला विचारा, जुनी माती असते). जेवणानंतर निम्मे मामा-काका ओसरीत आडवे झालेले असतात. ते पण काढा, मामींना तोच फोटो पाहिजे असतो.