जुन्या टीव्हीवर एनटीएससी कन्सोल: चित्र काळं-पांढरं का?

अमेरिकन सुपर निन्टेंडो (एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचा गेम कन्सोल) २१ इंची टीव्हीला पिवळ्या पिनेने जोडला. चित्र स्थिर, पण रंग गायब. कन्सोलचा रंगाचा सिग्नल ३.५८ मेगाहर्ट्झवर, टीव्ही मात्र पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या ४.४३ वर अडलेला. मेनूत कलर सिस्टीम ‘ऑटो’वरून ‘एनटीएससी ३.५८’ केली, रंग आले. तो पर्यायच नसेल तर असा टीव्ही घेऊच नका. दुकानात आधी रिमोट मागा.

चित्राची उंची थोडी कमी-जास्त दिसली, ती सर्व्हिस मेनूतल्या (दुरुस्तीसाठीच्या लपलेल्या मेनूतल्या) व्हर्टिकल साइझने जुळवली. मूळ आकडे आधी कागदावर लिहायचेच!

कोपऱ्यात हिरवट डाग होता. असा डाग स्पीकरच्या चुंबकाने पडतो, म्हणून शेजारचा स्पीकर हलवला, टीव्ही अर्धा तास बंद ठेवून मग चालू केला. लगेच बंद-चालू करून उपयोग नाही, डीगॉसचा, म्हणजे चालू करताना पडद्याचं चुंबकत्व घालवणाऱ्या सर्किटचा, थर्मिस्टर (तापला की वीज अडवणारा भाग) गार व्हावा लागतो.