मदेराला निघताय? आधी हेडटॉर्च भरा

पासपोर्ट, विमा, युरो, औषधं हे काही सांगायला नको. मदेरा हे पोर्तुगालचं बेट, म्हणून व्हिसा शेंगेनचा. बॅगेत सगळ्यात आधी हेडटॉर्च टाका, कपड्यांच्याही आधी. नवे सेल घाला आणि घरीच लावून बघा.

या बेटावर चालायचं ते लेवाडांच्या काठाने. उत्तरेच्या पावसाळी डोंगरातलं पाणी दक्षिणेच्या शेतांना नेणारे हे जुने पाट. कडेला अरुंद वाट, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. केमादासहून काल्देइराँव व्हेर्देच्या धबधब्याकडे जाताना चार बोगदे लागतात. आत मिट्ट काळोख, छत इतकं खाली की वाकून चालायचं, पायाखाली डबकी. मागच्या खेपेला मी हेडटॉर्च विसरलो आणि मोबाइलवर भागवायला गेलो. एक हात मोबाइलला अडकला, दुसरा भिंत चाचपत होता, डोकं कातळावर आपटलं ते आपटलंच. शेवटी परत फिरलो, धबधबा राहिला. तेव्हा ‘मोबाइलचा उजेड पुरेल ना?’ हे विचारूच नका. नाही पुरत. माणशी एक हेडटॉर्च, दोघांत एक नाही. राजगड-तोरणा रात्री केलाय म्हणणाऱ्यांनीही न्या.

वाटांची नोंदणी ऑनलाइन करून बाहेरच्यांना शुल्क भरावं लागतं, ते निघण्याआधीच उरका. आदल्या रात्री वाट उघडी आहे का तेही बघा. दरडी कोसळतात, वणवे लागतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या वणव्यानंतर पिको दो आरिएरो ते पिको रुइवो ही दोन शिखरांमधली सगळ्यात गाजलेली वाट बराच काळ बंद होती.

कपडे दोन हवामानांचे घ्या. राजधानी फुंशालमध्ये ऊन आणि त्याच वेळी १८१८ मीटरवरच्या आरिएरोला दात वाजवणारा वारा, हे रोजचंच. वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, ग्रिपचे बूट. आरिएरोला सूर्योदयासाठी अंधारातच पोचायचं असतं. मग काय लागेल? हेडटॉर्च.

गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या आणि सगळ्यात स्वस्त, किरकोळ इंजिनची गाडी घेऊ नका. तिथले चढ उभे आहेत, चार माणसं आणि सामान घेऊन ती रडते. बसवर विसंबायचं तर फुंशालमध्ये राहा, पण लांबच्या गावांची परतीची बस आधी बघा.

खाण्याचं: एश्पादा हा खोल समुद्रातला काळा, भेसूर दिसणारा मासा केळ्यासोबत देतात. नाक मुरडू नका, छान लागतो. लसूण-लोण्यातल्या लापास (खडकाला चिकटणारे शिंपले), तेजपत्त्याच्या काडीवर भाजलेलं गोमांस (न खाणाऱ्यांनी ‘एश्पेतादा’ हे नाव लक्षात ठेवून टाळावं). नाताळात मिळणारं व्हिन्या दाल्योश, म्हणजे लसूण-वाइनमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, हे आपल्या गोव्याच्या विंदालूचं मूळ घराणं. शाकाहाऱ्यांना मात्र लसूण-लोण्याचा बोलो दो काको पाव आणि तळलेला मक्याचा मिल्यो फ्रितो यांवरच बरंच भागवावं लागतं, म्हणून चटणीची डबी, थेपले असं काही जवळ असू द्या. फुंशालच्या मंडईत फळं चाखायला देतात. भाव विचारल्याशिवाय पिशवीत पडू देऊ नका. पोंशा उसाच्या दारूत मध-लिंबू घालून करतात, गोड लागते आणि फसवते. प्यायलात तर गाडी दुसऱ्याने चालवायची.

बाकी पोर्तो मोनिझला लाव्ह्याच्या खडकातल्या कुंडात डुंबायला पोहण्याचे कपडे, फनालच्या जुन्या झाडांसाठी धुक्याचा दिवस, काबो जिराँवच्या कड्यावरच्या काचेच्या सज्जावर जायचं तर उंचीची भीती घरी. सांतानाची त्रिकोणी घरं वाटेत बघून घ्या.

परतीचं विमान: तिथला विमानतळ वाऱ्यामुळे बंद पडतो, त्यामुळे लिस्बनहून भारताचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. एक रात्र मध्ये सोडा. मदेरा वाइनच्या बाटल्या मोठ्या बॅगेत, आणि बोलो दे मेल हा काकवीचा केक महिनोन्‌महिने टिकतो, तो जास्त घ्या.