लेकराला भाजी वाढा आणि गप्प बसा

दीड-दोन वर्षांचं लेकरू भाजी बघून तोंड फिरवायला लागलं की घरातला जो तो शहाणा होतो. कोणी म्हणतं मिक्सरमधून काढून द्या, कोणी म्हणतं मोबाइल लावा, कोणी म्हणतं एक दिवस उपाशी ठेवा, झक मारून खाईल. यातलं काहीच करायचं नाही. या वयात नव्या चवीला नाही म्हणणं हा वाढीचाच भाग आहे. भूकही कमी झालेली असते. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. मग आधीसारखं कसं जेवेल?

जेवणाआधी दोन तास बिस्किट, वेफर, दूध बंद. दूध दिवसाला 400 ते 500 मिली पुरे. त्याच्यावर गेलं की पोट दुधानंच भरतं आणि अंगात लोह कमी पडायला लागतं.

आता तिखट. आपल्याकडं साध्या दोडक्यालाही काळं तिखट लागतं, आमटीला येसराचा मसाला लागतो, आणि मग आपणच म्हणतो की लेकरू भाजी खात नाही. त्याला भाजी नको नसते, जीभ पोळलेली असते. फोडणी, हळद, थोडं मीठ घालून भाजी शिजली की त्याचा वाटा बाजूला काढा आणि मग खुशाल तिखट घाला. शेंगदाण्याचं कूट जरा सढळ असू द्या.

सुरुवात गोडसर चवीनं: लाल भोपळा, गाजर, मुगाच्या डाळीतला दुधी किंवा दोडका. मेथी नंतर. शेपू सगळ्यात शेवटी, त्याचा वास मोठ्यांनाही सोसत नाही.

खरी गोम पुढच्या पायरीत आहे: भाजी ताटात वाढायची आणि गप्प बसायचं. वाचायला सोपं वाटतं, पण मला सगळ्यात जड हेच गेलं, कारण आपल्या घरात जेवताना गप्प कोणीच बसत नाही. आजी वाटी घेऊन अंगणभर मागं फिरते, आजोबा काऊ-चिऊ दाखवतात, बाप म्हणतो, ‘भाजी खा, मग चॉकलेट देतो.’ हा सौदा तर अजिबात नको. लेकराला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. चॉकलेट आणखी गोड लागतं आणि भाजी आणखी नकोशी होते.

तर ताटात भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करलेली, म्हणजे जे तो हमखास खातो ते. शेजारी शेंगदाण्याएवढी भाजी. चमचाभर नाही, शेंगदाण्याएवढीच. ढीग बघूनच लेकरू बिचकतं. मग आपण आपलं जेवायचं. ‘खाऊन तर बघ’ म्हणायचं नाही, घास तोंडाशी न्यायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. त्यानं बोटानं चिवडली तर चिवडू द्या. चाटून थुंकली तरी चालेल, जिभेला तेवढी ओळख झाली. खाल्ली तर टाळ्या पिटू नका. टाळ्या पिटल्या की उद्या तो भाजी सोडून आपल्या तोंडाकडं बघत बसतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, कुरकुर न करता. नंतर त्याऐवजी मॅगी करून द्यायची नाही. पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत त्याला काही होत नाही.

हीच भाजी दोन-तीन दिवसांनी पुन्हा. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळीच हात टेकतात आणि पाहुण्यांपुढं जाहीर करतात, ‘आमच्या बाळाला भोपळा आवडतच नाही.’ लेकरू ते ऐकत असतं आणि तसंच वागतं. सासूबाईंना कसं सांगायचं, हा प्रश्न मला नेहमी येतो. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाच लेकराशेजारी बसवून जेवायला वाढा. हात गुंतला की घास भरवायला मोकळा राहत नाही.

धपाट्यात मेथी लपवावी का? पोटात जाते म्हणून जरूर करा, पण त्यानं भाजीची ओळख होत नाही. पीठ मळताना पानं तोडायला त्यालाच बसवलं तर मात्र उपयोग आहे.

चार पोरांच्या पंगतीत लेकरू लवकर शिकतं. लातूर, धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात हिरवे दाणे अन् पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी होते. घरी भाजीला हात न लावणारी पोरं तिथं मोठ्या भावंडांचं बघून बोटं चाटतात. भज्जीतले दाणे मात्र लहानग्याला चेचून द्या.

आणखी एक, आणि हे हयगय करण्यासारखं नाही. कच्च्या गाजराचे कडक तुकडे, अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांच्या आत देऊ नका, घशात अडकतात. गाजर उकडून लांबट कापा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते कार्डावर बघत जा. वजन ठीक वाढत असेल तर भाजीपायी जीव टांगणीला लावू नका. वजन थांबलं, लेकरू पांढरंफटक दिसायला लागलं, प्रत्येक घट्ट घासाला उमासे येत असले किंवा सगळं मिळून चार-पाचच पदार्थ खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडं न्या.