पूर्व लंडनच्या गरीब मुलांची शाळा आपल्या वर्गात कशी उभारावी

गोव्यातील मराठी विद्यालयात व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतल्या इंग्लंडमधील गरिबांचे जीवन शिकवायचे असेल, तर एक वर्गखोली दिवसभरासाठी संग्रहालय करावी आणि तिथली प्रत्येक वस्तू मुलांच्या हाती द्यावी. नमुना म्हणून लंडनचे रॅगेड स्कूल म्युझियम डोळ्यांसमोर ठेवावे. गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या थॉमस बर्नार्डो यांनी १८७७ मध्ये कालव्याकाठच्या गोदामांत सुरू केलेली मोफत शाळा तिथे १९०८ पर्यंत चालली आणि आज त्याच वास्तूत मुले बाकांवर बसून त्या काळचा धडा गिरवतात.

तयारीत सर्वांत महत्त्वाची पाटी. लाकडी चौकटीची दगडी पाटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोधावी; न मिळाल्यास मुलांच्या आजी-आजोबांना विचारावे, कारण जुन्या घरांच्या माळ्यावर ती अजून सापडते. प्लास्टिकची पाटी मात्र घेऊ नये. दगडावर लेखणीचा कर्रकर्र आवाज येतो, ओले फडके फिरवताच अक्षर नाहीसे होते आणि पाटी वाळेपर्यंत थांबावे लागते. कागद न परवडणाऱ्या मुलाला आपले कालचे लेखन पुन्हा पाहता येत नसे, हे त्यातूनच मुलांना उमगते.

आरंभी हातांची व नखांची तपासणी करावी, मग पाढे एका सुरात म्हणवून घ्यावेत आणि १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड या हिशेबाने एक बेरीज घालावी. वेताची छडी टेबलावर दिसू द्यावी, पण ती अभिनय म्हणूनसुद्धा कोणावर उगारू नये.

सारा वेळ शिस्तीतच घालवणे मला त्या शाळेवर अन्याय करण्यासारखे वाटते, कारण तिथे उपाशी मुलांना खाऊही घालत. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या, तरी १८९१ पर्यंत बहुतेक ठिकाणी आठवड्याची फी भरावी लागे आणि ती न झेपणाऱ्यांना अशा मोफत शाळांचाच आधार होता. मधल्या सुट्टीत पोदेराकडचा (पाव भाजणाऱ्याकडचा) साधा पाव आणि कोको देताना हे सांगावे.

दुपारी व्हरांड्यात पत्र्याचा टब, साबणाची वडी आणि कपडे घासायची खाचांची फळी मांडावी. पाणी मुलांनीच बादलीने आणावे, प्रत्येकाने एकेक फडके धुऊन पिळावे, पण टबातील पाणी मुळीच बदलू नये. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत ते राखाडी झालेले असते; त्या वेळी सांगावे की घरातील माणसे अशाच टबात, एकामागून एक, त्याच पाण्याने आंघोळ करीत.