बटाट्याचे ग्रातँ: दूध न फाटू देता, खरवड जमेपर्यंत

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, दोफिने नावाचा एक जुना प्रांत होता आणि ग्रनोब्ल ही त्याची राजधानी होती. बटाट्याचे पातळ काप दूध-क्रीममध्ये, लसूण आणि जायफळाच्या स्वादात, ओव्हनमध्ये मंद आचेवर शिजवण्याचा ‘ग्रातँ दोफिनुवा’ हा पदार्थ त्या प्रांताचा. १२ जुलै १७८८ रोजी गाप या गावी क्लेर्माँ-तोनेरच्या ड्यूकने नगराच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवानीत तो वाढल्याचा उल्लेख सापडतो. ‘ग्रातँ’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ आहे खरवडणे. दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड ज्यांनी लहानपणी चमच्याने काढून खाल्ली असेल, त्यांना या पदार्थाचा जीव कशात आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

सहा जणांना तोंडी लावण्यापुरते करायचे असल्यास एक किलो बटाटे, ४०० मिलिलिटर म्हशीचे दूध, ३०० मिलिलिटर क्रीम, लसणाची एक मोठी पाकळी, दीड चहाचा चमचा मीठ, ताजी भरड मिरपूड, पाव जायफळ आणि २० ग्रॅम लोणी घ्यावे. बटाटे जुने, पिठूळ आणि घट्ट असावेत. पातळ सालीचे नवे बटाटे पाणचट असतात, त्यांचे काप अखंड राहतात, पण दुधाला दाटपणा देत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटेही टाळावेत, कारण थंडीत त्यांतील स्टार्चची साखर होऊ लागते आणि चव नकोशी गोड लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बटाटे सोलल्यावर धुवावेत, कोरडे पुसावेत आणि मगच त्यांचे काप करावेत, परंतु काप केल्यानंतर त्यांना पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. आपल्याकडे काचऱ्या किंवा वेफर्स करताना काप दोन-तीन पाण्यांतून काढण्याची सवय हाताला इतकी लागलेली असते, की इथेही नळाखाली चाळणी धरली जाते. कुरकुरीतपणासाठी तिथे धुऊन टाकलेला जो स्टार्च आपल्याला नको असतो, तोच इथे मैदा किंवा कॉर्नफ्लोअरशिवाय दूध दाट करतो. वेफर्सची किसणी असेल तर काप तीन मिलिमीटर जाडीचे काढावेत. फार पातळ काप विरघळून लगदा होतो, तर जाड काप मधोमध कच्चे राहतात. सुरीने कापणाऱ्याने एकसारखेपणाकडे अधिक लक्ष द्यावे.

रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात दूध, ठेचलेली लसूण आणि मीठ घालून त्यात सगळे काप सोडावेत व मंद आचेवर ठेवावेत. दूध जेमतेम कडेने हलत राहील एवढीच आच हवी. लाकडी उलथन्याने बुडाशी अलगद ढवळत राहावे, कारण स्टार्च खाली बसून लवकर लागतो. आठ-दहा मिनिटांत कापांचा पांढरा, अपारदर्शक रंग कडेकडेने काचेसारखा होऊ लागतो आणि दूध पातळ खिरीइतके दाट होते. उलथने वर उचलले की दूध त्यावरून पाण्यासारखे ओघळत नाही, तर पातळ थर धरून सावकाश खाली येते. ही खूण दिसताच गॅस बंद करावा, लसूण काढून टाकावी आणि मग क्रीम, मिरपूड व जायफळ मिसळावे.

जायफळ आपल्याला श्रीखंडातून आणि पुरणातून ओळखीचे आहे, कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत त्याची झाडेही आहेत. मात्र आपल्या मनात ते गोडाशी घट्ट बांधलेले असते. मीठ, लसूण आणि दुधाच्या स्निग्धतेबरोबर ते गोडाहून कितीतरी खोल लागते. ते आयत्या वेळीच किसावे, डब्यातल्या जुन्या पुडीला वास उरलेला नसतो. पाव जायफळाच्या पुढे जाऊ नये, कारण त्यानंतर कडवटपणा येतो. मी दुधात जायपत्रीची एक पाकळीही टाकते आणि लसणाबरोबर काढून घेते. ही भर माझी आहे, दोफिनेची नव्हे. किसलेले चीज मात्र मी घालत नाही. शेजारच्या साव्वा प्रांतात चीज आणि मांसाचे सूप घालून ग्रातँ करतात, तेही चांगले असते, पण तो वेगळा पदार्थ आहे. चीजचा जाड थर आला की दुधाची स्वतःची खरवड जमत नाही.

क्रीमविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा पदार्थ तिथेच बिघडतो. माझे पहिले ग्रातँ ओव्हनमधून निघाले तेव्हा कापांच्या मधे पिवळसर पाणी आणि चोथ्यासारख्या गुठळ्या होत्या. लोण्यासाठी चार-पाच दिवस साठवलेली घरची साय मी त्यात वापरली होती. साय फ्रिजमध्ये असली तरी हळूहळू आंबट होते आणि तेवढा आंबटपणाही गरम दुधातील प्रथिने गोळा होण्यास पुरेसा असतो. साय वापरायचीच तर ती त्याच दिवसाची असावी. फ्रान्समधल्या क्रीममध्ये ३० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, तर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या पॅकबंद क्रीममध्ये तो बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास असतो. स्निग्धांश जितका कमी, तितके दूध फाटण्याचे भय अधिक. स्टार्च न धुण्याचा आणि आच मंद ठेवण्याचा आग्रह म्हणूनच आपल्यासाठी दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

पाच सेंटिमीटर खोल, साधारण दोन लिटर मावेल अशा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याला आतून लोणी लावून मिश्रण त्यात ओतावे, वरचे काप तेवढे सपाट मांडावेत आणि उरलेल्या लोण्याचे कण वर ठेवावेत. दूध कापांच्या जेमतेम वर असावे आणि भांड्याला वर थोडी जागा राहावी, अन्यथा ते उतू जाते. १६० अंश सेल्सिअसवर ५० ते ६० मिनिटे भाजावे. घरगुती ओटीजीत वरची सळई भांड्याच्या फार जवळ असते, म्हणून भांडे खालच्या खाचेत ठेवून पहिली ४० मिनिटे फक्त खालची सळई चालू ठेवावी आणि रंगासाठी शेवटी दोन्ही चालवाव्यात. कडेने दाट, संथ बुडबुडे येतात, वर तपकिरी डाग पडतात आणि मधोमध खुपसलेली सुरी कुठेही न अडखळता तळापर्यंत जाते, तेव्हा ते झाले असे समजावे. लगेच वाढू नये. बाहेर पंधरा-वीस मिनिटे राहिले की सुटे दिसणारे दूध कापांत मुरते आणि चौकोनी वडी अखंड निघते.

बटाटा शास्त्राच्या दृष्टीने मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड आहे. खऱ्या मुळाचे ग्रातँ करायचे तर रताळे घ्यावे, पण अर्धे बटाटे ठेवावेत, कारण शिजताना रताळ्यातील बराच स्टार्च साखरेत बदलतो आणि दूध हवे तसे आळत नाही. दूधही १०० मिलिलिटरने कमी करावे. रताळ्याच्या गोडीला जायफळ एकटे पुरत नाही, तिथे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अर्धा चमचा लाल तिखट फार शोभते. गाजर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. परदेशी राहणाऱ्यांना पार्सनिप, म्हणजे गाजरासारखे फिकट रंगाचे मूळ, मिळत असेल तर ते जायफळाबरोबर छानच जुळते. सुरणाचा मोह मात्र आवरावा, कारण त्याची खाज घालवण्यासाठी लागणारे आमसूल किंवा चिंच दूध हमखास फाडते.

सोबत लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर किंवा तव्यावर भाजलेला मासा असावा. उरलेले ग्रातँ दुसऱ्या दिवशी झाकून १५० अंशांवर वीस मिनिटे गरम करावे, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली खरवड वाढताना सर्वांना थोडी थोडी यावी याकडे लक्ष द्यावे.