कर्जत-नेरळकडे सुट्टीसाठी फ्लॅट घेताय? आधी पंपरूम बघा, मग बेडरूम

आम्ही डोंबिवलीचे. २०२१ ला नेरळच्या पुढे एका कॉम्प्लेक्समध्ये रीसेलचा वन बीएचके घेतला आणि त्याआधी दीड वर्ष नुसते बघत फिरलो, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली, एकदा तर इगतपुरीला पण जाऊन आलो. आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं की आम्हाला पण घ्यायचाय, काय काय बघायचं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. शहरातल्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर तासाभरात सेक्रेटरीला दहा फोन जातात, कारण लोक तिथे रोज राहतात. सुट्टीच्या कॉम्प्लेक्समध्ये ८० फ्लॅट असले तरी मंगळवारी रात्री सात-आठ घरांतच दिवे दिसतात. बाकीचे मालक ठाण्यात, पुण्यात, दुबईत. लिफ्ट बंद आहे हे त्यांना शनिवारी कळतं आणि रविवारी संध्याकाळी ते परत निघतात. म्हणजे तो स्विमिंग पूल, ते क्लबहाऊस, ती बाग हे सगळं चालतं ते जे लोक तिथे येतच नाहीत त्यांच्या मेंटेनन्सवर. ते पैसे भरतात का, एवढंच खरं बघायचं असतं.

आमच्याच कॉम्प्लेक्सचा हिशोब सांगते. ८० फ्लॅट, महिना १८०० रुपये, म्हणजे १ लाख ४४ हजार जमायला पाहिजेत. त्यातले निम्मे आले तर हातात ७२ हजार. तीन वॉचमनचे पगार ४२ हजार, जिने-पंप-रस्त्याच्या दिव्यांचं बिल १५ हजार, उरले १५, त्यात सफाईवाली बाई, माळी, आणि मे महिन्यातले टँकर. मग पहिलं काय बंद होतं? पूल. नंतर जिम, मग क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे तेच कळत नाही. असा हिशोब तुम्ही बघायला जाल त्या प्रत्येक ठिकाणी कागदावर मांडा, पाच मिनिटं लागतात.

काही जण म्हणतात त्यापेक्षा प्लॉट घेऊ, छोटं घर बांधू. एक तर महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला अशी सहज घेता येत नाही, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट पाहिजे, आणि बांधलंच तर रिकाम्या घरावर लक्ष कोण ठेवणार. आम्हाला गेटवर वॉचमन असलेली जागा हवी होती म्हणून फ्लॅटच. पण वर्षातून वीस दिवसांपेक्षा कमी जाणार असाल तर मनापासून सांगते, घेऊ नका, त्या पैशाच्या व्याजात दर वर्षी चांगल्या रिसॉर्टला राहून याल.

आता बघायला कधी जायचं. बिल्डर आणि एजंट दोघंही रविवारी सकाळी बोलावतात, थंडीत, सगळं हिरवं आणि स्वच्छ असतं तेव्हा. तुम्ही दोनदा जा. एकदा ऑगस्टमध्ये आठवड्यातल्या साध्या वारी आणि एकदा मेच्या शेवटी. ऑगस्टमध्ये गळती दिसते, मेमध्ये पाणी कळतं.

आम्ही एका कॉम्प्लेक्सला असेच ऑगस्टमधल्या मंगळवारी गेलो होतो. फ्लॅट सुंदर होता, बाल्कनीतून समोर माथेरानचा डोंगर. खाली आलो तर पुलातलं पाणी गर्द हिरवं. वॉचमन म्हणाला पावसामुळे बंद आहे. मी म्हटलं पंपरूम दाखवाल का? त्याने दार ढकललं तर मोटरच्या खाली गंजाची लाल पावडर साचलेली, वायर काढून गुंडाळून खुंटीला टांगलेली, आणि फिल्टरच्या टाकीवर कोळ्याची जाळी. ती मोटर एका पावसात बंद पडलेली नव्हती, दोन-तीन वर्षं तरी हललेली नव्हती. आम्ही तिथूनच निघालो. पुढे जो फ्लॅट घेतला तिथे पंपरूमचं दार उघडलं तर क्लोरीनचा वास आला, आणि भिंतीवर खिळ्याला एक वही लटकवलेली, त्यात पाणी कधी तपासलं, पावडर किती टाकली, तारखेसकट. ती वही बघून मला जेवढा विश्वास वाटला तेवढा कुठल्याच ब्रोशरने वाटला नव्हता.

दुसरी बघायची जागा म्हणजे नोटीस बोर्ड. थकबाकीदारांची यादी लागलेली असेल तर नावं मोजा. लागलेलीच नसेल तर सेक्रेटरीला सरळ विचारा किती थकलेत. आणि रीसेल असेल तर मालकाकडून तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट आणि शेवटच्या एजीएमचं, म्हणजे वार्षिक सभेचं, इतिवृत्त मागून घ्या. सभासद म्हणून त्याला ते मिळतं, तो टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. ऑडिटमध्ये तीन गोष्टी शोधा, येणे मेंटेनन्स किती, सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या पैशांची) एफडी खरंच बँकेत आहे का, आणि टँकरवर किती खर्च झाला.

नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंग करणार असाल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर एक संध्याकाळ घालवा. अगदी लहान प्रोजेक्ट सोडले तर तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि आता जाहिरातीवर क्यूआर कोड पण असावा लागतो, तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं. तिथे मंजूर नकाशे, पझेशनची तारीख, जमिनीवरचं कर्ज, कोर्टातल्या केसेस सगळं दिसतं. आणि मुख्य म्हणजे नोंदणी फेजप्रमाणे असते! आम्ही इथेच फसणार होतो. एका ठिकाणी टोकन देऊन बसलो होतो, सेल्सच्या मुलाने मोठ्या मॉडेलवर क्लबहाऊस, दोन पूल, मंदिर, जॉगिंग ट्रॅक सगळं दाखवलं होतं. घरी येऊन नवऱ्याने नकाशा उघडला तर आमच्या बिल्डिंगच्या नोंदणीत यातलं काहीच नाही, ते सगळं फेज तीनच्या जमिनीवर, आणि फेज तीनची नोंदणीच झालेली नव्हती. म्हणजे उद्या तो फेज झालाच नाही तर आम्हाला बोलायला जागा नव्हती. टोकन परत मिळवायला चार महिने आणि बरेच फोन लागले, त्या दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही.

त्यामुळे तुमच्या फेजमध्ये नक्की काय आहे ते बघा आणि प्रत्येक अमेनिटीचं नाव, मापं आणि तारीख अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, "क्लबहाऊस" एवढंच नको, किती चौरस फूट आणि कधीपर्यंत. रेरा कायद्याने नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, कोणी आत्ताच २० टक्के भरा म्हणाला तर भरू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, हे पण लक्षात ठेवा, पहिल्या दोन पावसांतल्या गळतीचे फोटो तारखेसकट ठेवा आणि तक्रार लेखी करा.

जमिनीचं. सातबारा ऑनलाईन दिसतो, पण नुसता सातबारा पुरत नाही, फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) आणि एनएचा आदेश वकिलाकडून तपासून घ्या. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे ना" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा, बांधकामाचा मंजूर नकाशा जिल्हाधिकारी किंवा नगररचनेकडचा लागतो, तो नसेल तर बँक कर्ज पण देत नाही. तुम्ही कर्ज घेणार नसाल तरी बँकेत चौकशी करून या, दोन-तीन मोठ्या बँकांनी प्रोजेक्ट मंजूर केलेला नसेल तर कारण शोधा. माथेरानच्या आजूबाजूचा बराच भाग २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून, तिथे बांधकामावर निर्बंध आहेत, सर्व्हे नंबर त्या यादीत आहे का ते विचारा.

नदीकाठचं घर घेताना तर फारच जपून. उल्हास नदी फेब्रुवारीत किती शांत दिसते, गोट्यांवरून चालत जाता येतं. जुलै २०१९ मध्ये त्याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. प्लॉट या रेषांच्या कुठे येतो ते नकाशावर बघा, आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा २००५ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते हात करून दाखवतात. डोंगराच्या पायथ्याशी असेल तर मागचा उतार कापलाय का ते बघा. इर्शाळवाडी इथून फार लांब नाही, जुलै २०२३ मध्ये तिथे दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्या बिल्डिंगच्या मागे डोंगर उभा कापून नुसती दगडी भिंत घातली होती ती आम्ही किंमत न विचारताच सोडली.

पाणी: बोअर किती, कोणत्या महिन्यापर्यंत चालते, नळयोजनेचं कनेक्शन आहे का. वॉचमनच्या बायकोला विचारा, ती तिथे बारा महिने राहते, तिला पक्कं माहीत असतं. लाईट पावसात जातेच, जनरेटर लिफ्टला आहे का पंपाला पण, आणि डिझेलचा खर्च कोण देतं. मोबाईल फ्लॅटच्या आत उघडून बघा, गेटवर रेंज असते आणि बेडरूममध्ये नसते.

जाणं-येणं पण स्वतः करून बघा. "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे रविवारी संध्याकाळी सहाला रिक्षा शोधून बघायचं. बदलापूरनंतर लोकल कमी होतात आणि मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक असतोच. बरोबर सासू-सासरे असतील तर हा मुद्दा पुलापेक्षा मोठा आहे.

पैशांचं थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी, ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) आल्यावर घेतला तर नाही. रजिस्ट्रेशन १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. स्टँप ड्युटी हद्दीप्रमाणे बदलते, घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, आमचा म्हणून माझ्या नावावर आहे. ५० लाख किंवा जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा टॅक्स, तुम्हीच कापून भरायचा. पण विकणारा एनआरआय असेल, आणि अशा कॉम्प्लेक्समध्ये बरेच असतात, मुलं अमेरिकेत आणि घर बंद, तर ती ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि टीडीएस पण बराच जास्त, सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इन्कम टॅक्समध्ये दोन घरं स्वतःच्या वापरासाठी धरता येतात, त्यामुळे दुसऱ्या घराचं काल्पनिक भाडं मोजायची भीती नको.

रीसेलमध्ये शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, ओसीची प्रत, आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी. ट्रान्सफर प्रीमियमला, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला, सरकारी मर्यादा आहे, महापालिका हद्दीत २५ हजार आणि ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार, आमच्याकडे आधी पन्नास हजार मागितले होते, तो नियम दाखवल्यावर विषय संपला. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का ते विचारा, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर पुढे रिकाम्या कोपऱ्यात अजून एक बिल्डिंग उभी राहू शकते.

भाड्याने द्यायचा विचार असेल तर सोसायटीचे नियम आधी वाचा. वीकेंडला अनोळखी ग्रुप येऊन रात्री दोनपर्यंत पुलावर गाणी लावणार असतील तर तुमची सुट्टी पण गेली.

घेतल्यावर पहिला पावसाळा सांभाळा. आम्ही जून-जुलै गेलो नाही आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं तर आत शिरताना ओल्या गोणपाटासारखा वास, गादीवर गोल गोल बुरशीचे डाग, कपाटातल्या चामड्याच्या चपला हिरव्या. आता मेच्या शेवटी गादी उभी करून ठेवतो, कपाटांची दारं उघडी, बाथरूमच्या जाळ्यांवर झाकणं, गॅस आणि मेन स्विच बंद, आणि एक चावी तिथेच राहणाऱ्या काकूंकडे, त्या दर पंधरा दिवसांनी खिडक्या उघडून हवा घालतात. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, त्यावर पैसे वाचवू नका.

आणि एजीएमला जा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते. गेल्या वेळी ८० सभासदांत कोरमला (किमान हजेरीला) २० लागत होते आणि आलो होतो १४ जण, नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून मग सभा सुरू केली. त्या १४ जणांनी पुलाच्या फुटलेल्या टाईल्सचा खर्च मंजूर केला आणि थकबाकीवर व्याज लावायचं ठरवलं, दिवाळीपर्यंत ११ जणांनी जुने पैसे भरले. त्या दिवशी मेगाब्लॉक होता, आम्ही सकाळी सहालाच घरातून निघालो होतो.