कमक्वॉट सालीसकट खा

कमक्वॉट, म्हणजे संत्र्याच्या जातीचं छोटंसं फळ, सोलायचा नाही. संत्र्याच्या उलट, याची साल गोड आणि आतला गर आंबट. दोन्ही एकत्र चावले तरच खरी चव कळते. धुतलेलं फळ बोटांमध्ये थोडं चोळून घ्या, सालीतलं सुगंधी तेल मोकळं होतं. मग अख्खं तोंडात टाका. बिया कडवट असतात, त्या काढून टाकलेल्या बऱ्या.

हंगाम हिवाळ्याचा. घेताना घट्ट, पूर्ण नारिंगी फळं निवडा. हिरवट झाक असलेली नकोत. साल पातळ असल्यामुळे बाहेर ती लवकर सुकतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा.

भरपूर मिळाली तर पाकातले कमक्वॉट करा, माझ्या मते यासारखं दुसरं काही नाही. चकत्या करून बिया काढा, उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं ठेवून पाणी ओतून द्या. कडवटपणा उतरतो. मग समप्रमाणात साखर-पाणी घेऊन मंद आचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा. दही, केक, अगदी चहातही छान लागतात. मार्मालेड (सालीसकट केलेला जॅम) करणार असाल तर बिया फेकू नका! पुरचुंडीत बांधून सोबत उकळा. त्यांच्यातल्या पेक्टिन या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे ते चांगलं आळतं.